मोटारवाल्याची तापट मोटार

घाटनांदूरच्या स्टेशन रोडला कुणालाही मोटारवाल्याचा पत्ता विचारा, तो पांढऱ्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवील. माणूस परगावचा असला तर त्याला वाटतं, गाड्यांचं मोठं दुकान असणार. आत गेल्यावर त्याला विहिरीवरच्या मोटारी पोट फाडून पडलेल्या दिसतात, तांब्याच्या तारेची भेंडोळी दिसतात, आणि मधोमध स्टुलावर उत्तरेश्वरमामा नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून वाइंडिंग भरत बसलेले दिसतात. आमच्याकडे विहिरीचं पाणी उपसते तीही मोटार आणि रस्त्यावर पळते तीही मोटारच. भाषेनं दोघींना एकच नाव ठेवलं आणि त्या नावापायी मामांच्या आयुष्याची सव्वीस वर्षं टिंगलीत गेली.

कारण मामांकडे दुसऱ्या जातीची मोटार नव्हती. होती एक लुना, तीही उतारावर बरी चालायची. कुठल्याही लग्नाच्या मांडवात मामा शिरले की कुणीतरी हमखास विचारायचं, "मोटारवाले, मोटार कुठं लावली?" मग पन्नास माणसं हसायची. पन्नासच माणसं, पण दर लग्नात. तालुक्यातली लग्नं मोजली तर माणूस वेडा व्हायचा. मामा वेडे झाले नाहीत, त्यांनी गाडी बांधायला घेतली.

माझं दुकान त्यांच्या शेडला लागूनच आहे. झेरॉक्स, पीकविमा, ऑनलाइन फॉर्म, फोटो वगैरे. बारावी सायन्सला इंग्रजीत मला सदुसष्ट मार्क पडलेले असल्यामुळे स्टेशन रोडवरचं सगळं इंग्रजी माझ्याकडे येतं. औषधाच्या पुड्या, बँकेची पत्रं, मोबाईलवरचे मेसेज. तेव्हा मामांनी बंगळुरूकडच्या एका कारखान्याची सुट्या भागांची गाडी मागवायची ठरवली, तर तो फॉर्म मीच भरला. म्हणजे पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तीन मोठी खोकी ट्रान्सपोर्टनं आली. पाइपांचा सांगाडा, फायबरचं अंग, चाकांची दांडकी, दोन सीटा. वर छप्पर नाही, दरवाजे नाहीत, नाक एवढं बुटकं की कुत्रं सहज वरून उडी मारून जाईल. बरोबर चार पानांचं इंग्रजी पुस्तक. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की इंजिन आणि ते गार ठेवायची व्यवस्था ज्याची त्यानं करावी. इंजिन मामांनी एका आठशे सीसीच्या म्हाताऱ्या गाडीचं उचललं. गार ठेवायची व्यवस्था मात्र त्यांनी आपल्या पद्धतीनं केली. आंबेजोगाईच्या राधाकिशन भंगारवाल्याकडून रेडिएटर आणि पंखा. नळ्या कुठल्याशा टेम्पोच्या, क्लिपा ठिबकवाल्याच्या दुकानातल्या. जास्तीचं पाणी बाहेर आलं तर साठवायला फवारणीच्या औषधाची एक लिटरची बाटली, सात वेळा धुतलेली. नवीन सामानाची किंमत मी मोबाईलवर काढून दाखवली होती, तेव्हा मामा म्हणाले होते, की एवढ्यात आपण माणूस गार ठेवू शकतो, इंजिनाचं काय घेऊन बसलास.

पंखा बसवताना तर त्यांनी पेटवलेली उदबत्ती पुढं धरली, धूर आत ओढला जातोय का बाहेर ढकलला जातोय ते पाहिलं, आणि वायरी उलटसुलट करून पाच मिनिटांत दिशा सरळ केली. मोटारीची दिशा हा त्यांचा हातचा मळ. त्या दिवशी ते इतके खुशीत होते, की गाडी उद्या बीडला जाऊन येईल असं वाटलं.

गाडी रेल्वे फाटकापर्यंत गेली. घरापासून सहाशे मीटर.

फाटकापाशी नाकातून भस्सकन वाफ आली आणि तांबूस पाणी मामांच्या पांढऱ्या शर्टावर नक्षी काढून गेलं. विशेष म्हणजे समोरच्या डायलवरची उष्णतेची सुई तेव्हाही अगदी खाली, गार हिरव्या पट्ट्यात झोपलेली होती. इंजिन उकळतंय आणि सुई म्हणतेय, काही झालेलं नाही. परळीकडची गाडी जाईपर्यंत फाटक बंद होतं, त्यामुळे बघायला माणसंही भरपूर होती.

तिथून अडीच वर्षं हाच खेळ. दर महिन्या-दोन महिन्यांनी मामा काहीतरी बदलायचे, गाडी ढकलत बाहेर काढायची, चालू करायची, आणि मग चार माणसं लावून ढकलत आत आणायची. शेडला दोन खण. एकात वाइंडिंग, दुसऱ्यात ही.

आणि तो दुसरा खण मंगलमामींना हवा होता.

मंगलमामी म्हणजे मामांच्या मंडळी. त्यांच्या बचत गटाला पिठाची गिरणी मंजूर झाली होती. स्टेशन रोडच्या बायकांना दळणाचा डबा डोक्यावर घेऊन पार गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं, आणि तिथला गिरणीवाला ज्वारीच्या पिठावरच गहू दळतो. मामांच्या शेडला थ्री फेजची लाइन होती, रस्ता समोर होता, खणही बरोबर मापाचा होता. फक्त त्या खणात एक लालभडक, बुटक्या नाकाची, उकळणारी वस्तू उभी होती.

चैत्रात एक दिवस मामी दाराशी आल्या. माझ्यासमोर, गहिनीनाथ काकांसमोर, आणि वाइंडिंगला मोटार घेऊन आलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर त्यांनी शांतपणे अट घातली. अक्षय्य तृतीयेपर्यंत ह्या गाडीनं आपल्या शेतापर्यंत जाऊन यायचं. सहा किलोमीटर जाणं, सहा येणं, मधला बरडाचा चढ धरून. वाटेत उकळली तर दुसऱ्या दिवशी राधाकिशनचा टेम्पो येऊन गाडी घेऊन जाईल आणि खणात गिरणी बसेल. नाही उकळली, तर मामींनी गाडीचं नाव काढायचं नाही.

"अन् मी सोता बसणार हाय तिच्यात," मामी म्हणाल्या. "मागून कुणी सांगाया नगं, की उकळली न्हाई, धुकं हुतं."

मामांनी मान डोलावली. दुसरं करणार काय. शेताची वाट पाणंदीची होती, तिथं आरटीओचं पासिंग विचारायला कुणी नव्हतं, म्हणजे तीही सबब गेली.

आता गहिनीनाथ काकांची ओळख करून द्यायला हवी. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजून खुर्चीतून उठताना डावा हात गिअर टाकतो. त्यांचं म्हणणं, की गरम होणं हा इंजिनाचा स्वभाव आहे आणि त्याला एकच उतारा, ओलं गोणपाट. पाण्याच्या पिंपाला गुंडाळतो तसं रेडिएटरच्या तोंडावर बांधायचं. कूलरला वाळ्याची जाळी असते, मग गाडीनं काय घोडं मारलंय. मामांना हे लगेच पटलं. आमच्याकडे एप्रिलमध्ये ज्याच्या त्याच्या भोवती ओलं गोणपाट असतं, त्यामुळे पटायला वेळ लागत नाही.

गोणपाट बांधून गाडी चालू केली. आधी ती सात मिनिटांत उकळायची, आता चार मिनिटांत उकळली. गोणपाटातून अशी वाफ निघत होती, की आत बटाटे ठेवले असते तर त्या दिवशी भाजीचा प्रश्न मिटला असता. हवाच आत जाईना, मग पंखा ओढणार काय. काका म्हणाले, गोणपाट युरियाचं होतं, साखरेचं पाहिजे होतं.

मग मामांनी रेडिएटर काढला आणि रात्रभर चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवला. आमच्या बोअरच्या पाण्यानं भांड्याला पांढरा थर बसतो, तो चिंचेनं निघतो, मग रेडिएटरचा का निघू नये. निघालाही. सकाळी रेडिएटर आतून इतका लख्ख झाला, की देवघरात ठेवावा. पाणीसुद्धा मामांनी जारचं आणून भरलं, त्यात गाड्यांना घालतात ते हिरवं कूलंट मापानं घातलं. गाडी मोठ्या ऐटीत उकळली.

अक्षय्य तृतीया आठ दिवसांवर आली होती. मामांचा चेहरा पडला. त्यांना जेवताना मी पाहिलं नाही, पण मामी सांगत होत्या, की भाकरी मोडून ताटातच बघत बसतात. मला पहिल्यांदाच त्या टिंगलीचं वजन कळलं. सव्वीस वर्षं माणूस हसण्यावारी नेतो म्हणजे त्याला लागत नाही असं नसतं. आणि आता गाडी भंगारात गेली असती, तर पुढची सव्वीस वर्षं लोकांनी नवा प्रश्न विचारला असता, "मोटारवाले, मोटार कितीला गेली?"

तेव्हा मी म्हणालो, मामा, ते पुस्तक आणा.

चार पानं मी नीट वाचली. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरात एक ओळ होती. गाडी चालवण्याआधी कूलिंग सिस्टीमला काय करायचं ते सांगितलं होतं. शब्द होता ब्लीड. मी शब्द ओळखला, जीवशास्त्राच्या पुस्तकात होता. तरी खात्रीसाठी मोबाईल धरून भाषांतर काढलं. मोबाईलनं लिहिलं, "चालवण्यापूर्वी शीतकरण प्रणालीचा पूर्णपणे रक्तस्राव करा."

मोबाईलचं आणि माझं एकमत झाल्यावर शंकेला जागा उरली नाही. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

मग काकांनी मांडीवर हात मारला. ते म्हणाले, की कंपनी बंगळुरूची असली तरी माणसं शहाणी दिसतात. नव्या गाडीला काहीतरी द्यावंच लागतं. त्यांच्या डेपोतल्या एका गाडीला दसऱ्याला काही दिलं नव्हतं, तर ती वर्षभर फक्त केजच्या आसपासच बंद पडायची.

"म्हणजे कोंबडं," काका म्हणाले.

मामा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडं सुद्धा नाही. त्यांनी माळेला हात लावला आणि नकारार्थी मान हलवली. काका म्हणाले, की हे मी नाही सांगत, पुस्तक सांगतंय, आणि पुस्तकात 'पूर्णपणे' असं लिहिलंय म्हणजे एका कोंबड्यावर भागेल की नाही हाही प्रश्न आहे. मामा माझ्याकडे बघू लागले. इंग्रजीतला माणूस मी, तोड मलाच काढायची होती. मी म्हणालो, की पुस्तकात रक्त म्हटलंय, कुणाचं ते म्हटलेलं नाही. तर ज्यांना चालत नाही ते लोक कोहळा कापून त्यात कुंकू भरतात, तसं करू.

कोहळा घरातच होता. मामींनी गिरणीच्या उद्घाटनाला म्हणून आणून पलंगाखाली ठेवलेला. मामांनी तो गुपचूप आणला, गाडीच्या नाकासमोर ठेवून कोयत्यानं दोन भाग केले, कुंकू भरलं. काकांनी डोळे मिटले. मी मोबाईलवर शूटिंग करत होतो. मग मामांनी मोठ्या भक्तिभावानं गाडी चालू केली.

गाडी शांत फुरफुरत राहिली. पाच मिनिटं झाली, सहा झाली. सुई गार पट्ट्यात. सातव्या मिनिटाला आतून गुडगुड, गुडगुड असा आवाज येऊ लागला आणि त्याच वेळी मंगलमामी कोहळा शोधत दारात आल्या.

त्यांनी कोहळ्याचे दोन भाग पाहिले. कुंकू पाहिलं. आमची तोंडं पाहिली. मी मनात म्हटलं, आता रक्तस्राव माझाच होणार. पण मामींचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्या मान तिरकी करून ऐकत होत्या.

"आवं," त्या म्हणाल्या, "मोटारीनं हवा धरलीय की."

मामा वैतागले. शेतातल्या मोटारीचं ते नंतर बघणार होते, आत्ता हे चाललंय ते दिसत नाही का, असं काहीतरी ते पुटपुटले.

"शेतातली न्हाई. ही. ही मोटार."

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी सगळ्या घाटनांदूरला माहीत आहे आणि मामांसमोर कुणी बोलत नाही. तालुक्यातल्या शेकडो मोटारी दुरुस्त करणाऱ्या ह्या माणसाच्या स्वतःच्या विहिरीवरची मोटार चार वर्षांपासून नादुरुस्त आहे. पाइपाच्या तळाशी फुटवॉल, म्हणजे एकेरी झडप, असतो, आमच्याकडे सगळे त्याला फुटबॉलच म्हणतात, तो पाणी धरून ठेवतो. मामांच्या विहिरीतला फुटबॉल गळका. त्यामुळे पाइपातलं पाणी उतरतं, मोटार हवा धरते, आणि मग नुसती गुडगुडते, पाणी फेकत नाही. मामी रोज शेतात गेल्या की आधी मोटारीच्या डोक्यावरचा बोल्ट उघडतात, दोन घागरी पाणी ओततात, आतली हवा भकभक करून बाहेर जाऊ देतात, धार सलग झाली की बोल्ट आवळतात, आणि मग बटण दाबतात. चार वर्षं, रोज. हवा धरलेल्या मोटारीचा आवाज त्या झोपेतही ओळखतील.

मामा गाडी बंद करून उभे राहिले. बुटक्या नाकातल्या रेडिएटरच्या झाकणाकडे बघितलं. मग इंजिनाच्या डोक्याकडे बघितलं. झाकण त्यांच्या गुडघ्याखाली, इंजिनाचं डोकं कमरेला. ते खाली बसले.

मलाही दिसलं तेव्हा. अडीच वर्षं आम्ही खालच्या झाकणातून पाणी ओतत होतो आणि रेडिएटर भरला की म्हणत होतो, भरलं. वर इंजिनाच्या डोक्यात पाणी चढतच नव्हतं, तिथं हवा दडी मारून बसली होती. पाणी फिरणार कसं. आणि त्या सुईला उष्णता कळवणारं टोक इंजिनात नेमकं त्याच पोकळीत बसवलेलं, तिला उकळत्या पाण्याचा स्पर्शच नाही, म्हणून ती बिचारी गार पट्ट्यात झोपून राहायची.

दुसरा कुणी असता तर मला वाईट वाटलं नसतं. पण हा माणूस रोज दहा शेतकऱ्यांना फोनवर सांगतो, आधी हवा काढ, मग बटण दाब.

मी हळूच म्हणालो, की म्हणजे ते ब्लीड म्हणजे हवा काढायची होती.

गहिनीनाथ काकांनी खुर्चीतल्या खुर्चीत गिअर टाकला. "ब्लीड? ब्लीडिंग व्हय? आरं, डेपोत ब्रेकची हवा काढत्यात त्येला ब्लीडिंगच म्हणत्यात. एकतीस वर्षं केलंय मी. मग सरळ ब्लीड म्हणायचं की बे, रगत कावून म्हणलास?"

सदुसष्ट मार्क असे आडवे येतात.

इंजिन निवल्यावर पुढचं सगळं मामींनी करून घेतलं. गरम असताना झाकणाला हात लावू दिला नाही. आम्हाला गाडी ढकलायला लावून पुढची दोन्ही चाकं शेडसमोरच्या मुरुमाच्या ढिगावर चढवली, म्हणजे नाक वर आलं. इंजिनावरून जाणारी सगळ्यात उंच नळी कोणती ते बघितलं, मामांना तिची क्लिप ढिली करायला सांगितली, आणि घागरीतून बारीक धारेनं कूलंट मिसळलेलं पाणी ओतत राहिल्या. आधी नळीच्या फटीतून नुसती फुसफुस आली. मग बुडबुडे. मग एकदम भक्क करून हवेचा मोठा गोळा बाहेर पडला. मग पुन्हा बुडबुडे, आणि शेवटी न तुटणारी हिरवी धार. "आवळा आता," त्या म्हणाल्या. मामांनी आवळली. कामाला लागलेल्या एखाद्या नव्या पोरासारखी, खाली मान घालून.

गाडी चालू केली. सुई अडीच वर्षांत पहिल्यांदा जागी झाली. वर चढली, मध्यावर आली, पंखा आपोआप फिरायला लागला, आणि सुई तिथंच थांबली. पंधरा मिनिटं आम्ही चौघं त्या सुईकडे बघत उभे होतो. काही झालं नाही. काही न होणं एवढं बघण्यासारखं असतं हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या सहा दिवसांत मामांनी ती गोष्ट कायमची पक्की केली. दर वेळी गाडी ढिगावर चढवणं बरं दिसत नाही. त्यांनी चार इंची लोखंडी पाइपाचा वीतभर तुकडा घेतला, विहिरीवर लावतात तोच. दोन्ही तोंडं पत्र्यानं वेल्ड करून बंद केली, जुन्या रेडिएटरची मान कापून त्यावर झाकणासकट बसवली, आणि ही टाकी इंजिनापेक्षाही वर, सगळ्यात उंच जागी लावली. आता पाणी तिथूनच भरायचं आणि हवा असलीच तर तिथंच येऊन निघून जाणार. बंगळुरूच्या कारखान्याकडे ह्याच कामाची चकचकीत टाकी विकत मिळते. मामांची टाकी पाइपाच्या उरलेल्या तुकड्याची आहे आणि तिच्यावर निळ्या अक्षरात पाइपाची साइझ अजून वाचता येते.

अक्षय्य तृतीयेला पुरणपोळीचं जेवण झाल्यावर, मुद्दाम भर दुपारी, गाडी निघाली. उन्हाचा पारा बेचाळीसच्या वर. मामा चालवायला, शेजारी मामी, त्यांच्या मांडीवर पाच लिटरचा पाण्याचा कॅन, डोक्याला पदर घट्ट. मागं मोटारसायकलवर मी आणि साक्षीला गहिनीनाथ काका. पाणंद अशी, की गाडी बैलगाडीच्या वरताण हलत होती. हळू चालावं लागतं म्हणजे समोरून वारा नाही, म्हणजे सगळी भिस्त पंख्यावर आणि त्या पाइपाच्या तुकड्यावर.

बरडाच्या चढाला मामांनी पहिला गिअर टाकला. आम्ही मागून बघत होतो, गाडी डावीकडे घसरायची, मग एकदम उजवीकडे. मामांचे डोळे सुईवर. तेवढ्यात मामींचा आवाज आला.

"तुमी रस्त्याकडं बगा. सुईकडं मी बगते."

मग गाडी सरळ चालली. चढ सरला. माथ्यावर मामांनी एक क्षण पाय सैल केला, पण मामींनी थांबू दिलं नाही, हात पुढं दाखवला. शेत आलं तेव्हा सुई मध्यावर होती आणि मामांचा शर्ट घामानं चिकटला होता, इंजिनापेक्षा ते जास्त तापलेले होते.

आलोच आहोत तर उसाला पाणी देऊन जाऊ, म्हणून मामी विहिरीकडे गेल्या. घागर भरली, मोटारीचा बोल्ट उघडला, ओतली. दुसरी भरली, ओतली. हवा भकभक करत निघाली. मामा जांभळीखाली उभे राहून बघत होते. शेताकडे ते चार वर्षांत मोटारीच्या कामानं कधी गेलेच नव्हते, दुसऱ्यांच्याच विहिरीवर असायचे. मामींनी बोल्ट आवळला, बटण दाबलं, पाणी पडलं. परत गाडीकडे येताना मामांनी हळूच मला विचारलं, की दोन इंची फुटबॉल ठिबकवाल्याच्या दुकानात मिळतो का अजून. मी म्हणालो, तुम्हीच तर लोकांना तिथं पाठवता.

येतानाचे सहा किलोमीटर बहुतेक उताराचे. काकांनी गावात शिरायच्या आधीच फोन करून पाच-सहा जणांना सांगितलं होतं, त्यामुळे स्टेशन रोडला माणसं उभी होती. मामांनी हॉर्न वाजवला. फाटकापाशी तर मुद्दाम थांबून वाजवला. मग दिमाखात शेडपाशी आले, गाडी वळवली, आणि थांबले.

दुसरा खण रिकामा नव्हता. मधोमध नवी कोरी पिठाची गिरणी उभी होती. बचत गटाच्या सात बायका तिच्याभोवती उभ्या होत्या. आम्ही शेतात असताना गिरणीचा टेम्पो येऊन गेला होता.

मामा गाडीतून उतरले नाहीत. त्यांनी मामींना विचारलं, की ठरलं काय होतं.

मामींनी कॅन खाली ठेवला, पदर झटकला. "ठरलं हुतं, उकळली तर भंगारात. न्हाई उकळली. गाडी तुमची, ऱ्हाऊ द्या जलमभर, मी नाव काडणार न्हाई."

"मग खण?"

"बंद गाडीला खण लागतो. चार माणसं बोलवून ढकलायची, कुठं ठिवायची मग? चालत्या गाडीला काय, लिंबाखाली लावा." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "म्हणून तर हवा काडली तिची. सोताच्या पायानं बाहेर यावी म्हणून."

मामा स्टिअरिंगला धरून बसले. मी त्यांचं तोंड बघत होतो, चिडतात की काय. पण हा माणूस मूळचा मोटारवाला. त्यांची नजर हळूहळू मामींवरून गिरणीवर गेली, गिरणीवरून तिच्या बुडाशी बसवलेल्या दहा एचपीच्या नव्या मोटारीवर. ते उतरले, चष्मा नाकावर घेतला, वाकून पाटी वाचली, वायरी पाहिल्या आणि गटाच्या बायकांना विचारलं, की जोडणी कुणी केली, फेज उलटे आहेत, ही अशी चालवली तर उलटी फिरेल. बायका म्हणाल्या, ती सरळ करायची तुमच्यासाठीच ठेवलीय. मामा बसले तिथंच पान्हा घेऊन.

गाडी आता लिंबाखाली असते. दळणाला आलेल्या बायकांना बसायला दुसरी जागा नाही, त्यामुळे तिच्या दोन सीटांवर दोघी बसतात. हळूहळू असं ठरून गेलं, की गाडीत बसलेल्या दोघींचा नंबर आधी. बॉनेटवर डबे. मामा सकाळी फडक्यानं पीठ झटकतात, दुपारी पुन्हा झटकतात, आणि गाडीच्या लाल रंगाविषयी बोलायचं त्यांनी सोडून दिलंय.

परवा त्यांना घाईनं कुणाच्या तरी शेतावर मोटार बघायला जायचं होतं. शेजारच्या सीटवर वस्तीवरच्या भिवराबाई बसलेल्या, सत्तरीच्या. त्यांचं दळण झालं होतं, डबा मांडीवर, पण उतरायची काही लक्षणं दिसेनात. मामांनी दोनदा सांगून पाहिलं. भिवराबाई म्हणाल्या, बसलेच हाय तर सोड की घरापातुर, वाटंतच हाय.

वाटेत नव्हतं. मामांनी चावी फिरवली, सुई मध्यावर येईपर्यंत वाट पाहिली, आणि त्यांना सोडायला निघाले.